कर्दळीविषयी मी दिलेल्या मताबाबत

मुलुंड (पूर्व),
शुक्रवार, सायंकाळ

तीर्थस्वरूप धोंडिरामदादा यांस,
लताचा सविनय जय भीम.

तुमचा गुडघा आता कसा आहे? सम्यकने पाठवलेल्या चित्रफितीत तुम्ही काठीविना आठ पावले टाकलेली पाहिली आणि फार बरे वाटले. मात्र सातव्या पावलाला डावा पाय किंचित बाहेर पडतो आहे, हे व्यायाम शिकवणाऱ्या मुलीच्या लक्षात कसे आले नाही, याचे नवल वाटते. (तिला सांगा, परंतु माझे नाव घेऊ नका. सध्या माझ्या नावावर कोणी काही ऐकावे, अशी माझी इच्छा नाही. कारण पुढे येईल.) बंगळूरची हवा मानवली असेलच. सुनेने आग्रह केला तरी रात्री भात टाळावा. सम्यकला आशीर्वाद.

दादा, गेल्या चार रविवारी तुम्ही फोनवर ठमीची चौकशी केलीत आणि चारही वेळा मी 'उत्तम आहे' असे उत्तर दिले. त्यांपैकी तीन उत्तरे खरी होती. चौथ्या रविवारी तुम्ही तिला दाखव म्हणालात, तेव्हा मी 'झोपली आहे, उठवत नाही' असे सांगितले. ती खरोखरच झोपलेली होती. कोठे झोपलेली होती, हे मात्र मी सांगितले नाही. फोनवर मला असे सफाईदार बोलता येते; कागदावर येत नाही. म्हणून हा पत्रप्रपंच.

राधावहिनींनी नाहूर स्टेशनच्या जिन्याखालून कापडी पिशवीत घालून आणलेली ही मांजर त्या गेल्यानंतर तुमच्या घरात काय आहे, हे मला ठाऊक आहे. तुम्ही शस्त्रक्रियेसाठी निघताना तिला माझ्याकडे सोपवलीत आणि 'लताकडे आहे म्हणजे काळजी नाही' असे सम्यकला सांगितलेत. तिच्या आगमनापूर्वी मी तिच्यासाठी सतरा कलमांची नियमावली केली होती, ती तुम्ही वाचली आहेच. (अकराव्या कलमाला तुम्ही हसलात, ते मी पाहिले.) नियमावलीत दोष नव्हता. दोष पुढे आहे.

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर कृष्णाबाई राहतात. भांडुपच्या खाडीकाठच्या कोळी कुटुंबातल्या. चाळीस वर्षे मासळी विकतात. त्यांच्या खिडकीखाली हातभर रुंद मातीचा पट्टा होता आणि त्यात तांबड्या फुलांची कर्दळ. संध्याकाळी बाजारातून परतल्या की उरलेली मासळी त्या कर्दळीच्या पानावर ठेवून आवारातल्या मांजरांना वाढत. हे मी नऊ वर्षे येता-जाता पाहत होते आणि नऊ वर्षे नाकाला पदर लावत होते. ठमीने मात्र (नियम क्रमांक चार मोडून) दुसऱ्याच दिवशी तेथे हजेरी लावली आणि लवकरच ती दुपारची झोपही कर्दळीच्या सावलीत घेऊ लागली.

एके दिवशी कृष्णाबाईंनी मला जिन्यात गाठले. सोसायटीचे सचिव हितेशभाई आणि आणखी तीन-चार मंडळी तेथेच उभी होती. कृष्णाबाई म्हणाल्या, "बाई, तुमच्या दादांची मांजर माझ्या कर्दळीची पानं चावते. काय होनार नाय ना तिला? तुम्ही झाडांच्या डॉक्टर, म्हनून विचारते."

आता हे तुमच्याखेरीज कोणाला लिहिता आले नसते. माझी पीएच.डी. गोड्या पाण्यातील शैवालांवर आहे, हे तुम्ही जाणता. शैवालाला फूल येत नाही, पान नसते, आणि मांजर त्याच्या वाटेला जात नाही. महाविद्यालयात एकतीस वर्षे मी इतर वनस्पती शिकवल्या, परंतु कर्दळ मांजराच्या पोटात गेल्यावर काय होते, याविषयी माझे ज्ञान कृष्णाबाईंइतकेच होते. किंबहुना कमी, कारण त्यांनी निदान नऊ वर्षे मांजरांना त्या पानावर जेवताना नीट पाहिले होते. 'मला माहीत नाही, बघून सांगते' एवढे म्हणणे पुरेसे होते. हे वाक्य मी विद्यार्थ्यांच्या तोंडून हजारदा ऐकले आणि हजारदा त्यांना उभे केले. ते माझ्या तोंडून निघेना. पाच माणसे माझ्याकडे पाहत होती. मी चष्मा पुसला आणि म्हणाले, "कर्दळीचे काही सांगता येत नाही. धोका संभवतो."

एवढ्यावर थांबले असते तरी निभावले असते. परंतु 'धोका संभवतो' असे म्हणून झाल्यावर त्यास आधार हवा, म्हणून मी त्याच संध्याकाळी 'कर्दळ : एक इशारा' या शीर्षकाचे दोन पानी टिपण लिहिले. आधारासाठी एखादे पुस्तक उघडावे, असे मला का सुचले नाही, याचे उत्तर मी पाच दिवस शोधते आहे. टिपण शैलीच्या दृष्टीने निर्दोष होते. पहिला परिच्छेद कर्दळीच्या कुळाविषयी होता (तो बरोबर आहे). दुसऱ्यात मी असे प्रतिपादन केले की, ज्या वनस्पतीविषयी खात्री नाही ती घातक समजणे, हेच शास्त्रीय वृत्तीचे लक्षण होय. शेवटी संदर्भ म्हणून 'प्रस्तुत लेखिकेची अप्रकाशित टिपणे' असे दिले. खाली सही, सहीखाली सर्व पदव्या. हितेशभाईंनी ते सूचनाफलकावर काचेच्या आत लावले आणि किल्ली खिशात टाकली. तिसऱ्या दिवशी दोन मजूर आले, त्यांनी कर्दळ उपटली आणि त्या जागेवर लाद्या बसवल्या. चौथ्या दिवशी त्या लाद्यांवर हितेशभाईंची दुसरी स्कूटर उभी होती. (माझे टिपण इतक्या तत्परतेने अमलात आलेले पाहून मला, दादा, आनंद झाला होता. लपवत नाही.) कृष्णाबाईंनी कंद गोळा करून एका जुन्या डब्यात ठेवले आणि मला म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत. मुकं जनावर हाय, बोलनार थोडंच." त्यानंतर त्या मासळी जुन्या वर्तमानपत्रावर वाढू लागल्या.

येथवर मी केवळ उद्धट होते. यापुढे अधिक आहे.

टिपणाचा इतका बोलबाला झाला की, सोसायटीच्या महिला मंडळाने मला 'घरातील शोभेची झाडे आणि पाळीव प्राणी : शास्त्रीय दृष्टी' या विषयावर व्याख्यान देण्याची विनंती केली. मी ती स्वीकारली. मी ती स्वीकारली, दादा! गेल्या शनिवारी सभागृहात पंचावन्न मिनिटे बोलले. मांजरांविषयी मोजून दोन मिनिटे झाली. उरलेला वेळ मी लोकांच्या बेफिकिरीवर कोरडे ओढले. 'आपण घरात काय आणतो, त्याचे नाव तरी आपल्याला ठाऊक असते का?' असा प्रश्न मी टेबलावर हात आपटून विचारला. टाळ्या झाल्या. मग शाल, श्रीफळ आणि एक भव्य पुष्पगुच्छ देऊन माझा सत्कार करण्यात आला.

गुच्छात सहा मोठी पांढरी लिलीची फुले होती.

मी तो घरी आणला. सत्काराचा गुच्छ माणूस निरखत नाही. तो फक्त लोकांना दिसेल अशा जागी ठेवतो. मी तो काचेच्या भांड्यात पाणी घालून दिवाणखान्यात मांडला, शेजारी शाल घडी उलगडून ठेवली, छायाचित्र काढले आणि विभागातील निवृत्त सहकाऱ्यांना पाठवले. छायाचित्राच्या उजव्या कोपऱ्यात ठमीचे शेपूट दिसते. मी ते कापून मग पाठवले होते.

रविवारी सकाळी ठमीच्या मिशा आणि छाती पिवळी-तांबूस झालेली दिसली. मी द्रौपदीला बोलावले (स्वयंपाकाला येते ती, तुम्ही तिच्या हातची आमटी वाखाणली होती) आणि हळदीचा डबा उघडा टाकल्याबद्दल दहा मिनिटे सुनावले. ती कमरेवर हात ठेवून ऐकत राहिली. मग म्हणाली, "बाई, हळद डब्यात, डबा फळीवर, फळीला दार. मांजर काय फोडणी घालायला चढली होती?" मी तिला उद्धट म्हणाले. तासाभरात ठमी ओकली. पुन्हा ओकली. मग पलंगाखाली अगदी भिंतीलगत जाऊन बसली आणि मी हाक मारली तरी तिने मान वर केली नाही. दादा, मला तेव्हा वहिनींचा चेहरा आठवला. त्या अवस्थेत मनुष्य जे करतो ते मी केले : दोष कोणाचा, हे आधी ठरवले.

मी ठमीला टॉवेलात गुंडाळले, तळमजल्यावर उतरले आणि भर आवारात कृष्णाबाईंना म्हणाले की, त्यांच्या कर्दळीचा एखादा कंद मुळाशी राहिला असणार, तो मांजरीने उकरून खाल्ला. त्यांना एवढे स्पष्ट लेखी सांगूनही त्यांनी हयगय केली. आणि अशिक्षितपणाची किंमत अखेर मुक्या प्राण्याला मोजावी लागते. शेवटचे वाक्य मी खरोखर उच्चारले. हितेशभाई मान डोलावत होते. खिडक्या उघडल्या.

कृष्णाबाईंनी एकदा त्या लाद्यांकडे पाहिले, एकदा माझ्याकडे. "कर्दळ राहिलीय कुठं, बाई? स्कूटरखाली गेली. भांडन मागून करू, मी कुठं पळत नाय. मांजर बघू आधी." त्यांनी ठमीला माझ्या हातातून घेतले, धुतलेल्या मासळीच्या पाटीत ठेवले, वर ओला फडका टाकला आणि रिक्षा थांबवली. माझ्याकडची, विमान कंपन्यांनी मान्य केलेली, मांजर नेण्याची पेटी माळ्यावर होती. ठमी पाटीत शांत पडून होती. त्या वासाची तिला सवय होती.

दवाखान्यात खिडकीवरच्या मुलीने अर्ज भरायला घेतला आणि मालकाचा व्यवसाय विचारला. मी तोंड उघडण्यापूर्वी कृष्णाबाईंनी सगळ्या खोलीला ऐकू जाईल असे सांगितले, "लिही, डॉक्टर हायत. झाडांच्या. काल टाळ्या पडल्या त्यांना." इतका अभिमान माझ्याविषयी तुमच्याखेरीज कोणाच्या आवाजात मी ऐकला नव्हता.

आतल्या डॉक्टर हेमांगी माझ्या शेवटच्या तुकडीतल्या मुलींच्या वयाच्या. त्यांनी ठमीला तपासले आणि विचारले, "घरात लिलीची फुलं आहेत का?" मी उत्तरादाखल कर्दळीविषयी बोलू लागले, कूळ, कंद, माझे टिपण, शिवाय मिशांवरची द्रौपदीची हळद. चारेक मिनिटे बोलले असेन. त्यांनी ठमीच्या पायाला सुई लावेपर्यंत मला बोलू दिले. मग म्हणाल्या, "मॅडम, कर्दळ मांजरांना चालते. मी लिलीचं विचारलं." आणि कापसाचा बोळा ठमीच्या मिशांवरून फिरवून माझ्यासमोर धरला. "ही हळद नाही."

ते पराग होते, दादा. दर जुलैत प्रथम वर्षाच्या मुलांना मी सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले, एकतीस वर्षे, ते लिलीचे पराग. पाकळी, पान, पराग, भांड्यातले पाणीसुद्धा. अंगावर पडलेले पराग चाटले तरी मांजराची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, असे त्यांनी सांगितले. वेळेत आणली म्हणून आशा आहे. तीन दिवस सलाईन, रोज रक्ततपासणी, त्याआधी काही बोलता येणार नाही. 'काही बोलता येणार नाही' हे त्या मुलीने किती सहज म्हटले! मी तिच्याकडे पाहतच राहिले. गुच्छ कोठून आला, हे तिने विचारले. मी उत्तर दिले नाही. कृष्णाबाईंनीही दिले नाही.

परतताना रिक्षात मी त्यांना विचारले की, हे आता सोसायटीत समजेल ना. (माफी मागण्यापूर्वी मी हे विचारले. क्रम ध्यानात घ्यावा.) त्या म्हणाल्या, "मी नाय सांगायची. तुमचं सगळं त्या नावावर चालतं, बाई. माझी मासळी कर्दळीवाचून खपते." मला हायसे वाटले. या संपूर्ण प्रकरणात मला सर्वाधिक लाज कशाची वाटत असेल, तर त्या हायसे वाटण्याची.

त्यांनी शब्द पाळला. परिणामी ठमीला कर्दळच बाधली, असेच अजून सर्व जण समजतात. दुसऱ्या मजल्यावरच्या बाई आपल्या नातीला कृष्णाबाईंच्या दाराशी उभी राहू देत नाहीत. मांजरांना मासळी वाढण्यावरून त्यांना परवा कोणीसे बोलले; त्या कागद उचलून आत गेल्या. मी तेव्हा टपालपेटीपाशी होते. मी टपाल फार बारकाईने पाहिले. आणि परवाचा सोडून त्यापुढच्या रविवारच्या सभेत 'भालेराव मॅडमच्या शास्त्रीय अहवालानुसार' आवारातील सर्वच कुंड्या व झाडे काढून टाकण्याचा ठराव हितेशभाई मांडणार आहेत. त्यांना तिसरी गाडी घ्यावयाची आहे, असे द्रौपदी म्हणते.

ठराव टळायचा तर मला माझे टिपण मागे घेतले पाहिजे. मी सोमवारपासून त्याचा मसुदा करीत आहे. आजवर चौदा झाले. पहिल्यात 'मी चुकले' हे शब्द होते, परंतु ते वाक्य फार आखूड वाटले. तिसऱ्या मसुद्यात 'काहीशी घाई झाली' असे आले. सहाव्यात चूक घडली होती, परंतु कोणाकडून, ते वाक्यातून निसटले. नवव्यात 'तत्कालीन उपलब्ध माहितीच्या मर्यादा' अवतरल्या. बाराव्या मसुद्याअखेरीस, मी शपथेवर सांगते, कृष्णाबाईंनीच माझी क्षमा मागणे उचित ठरेल, असा अर्थ निघत होता, आणि गद्य इतके सुरेख होते की, फाडताना जिवावर आले. चौदावा माझ्यासमोर आहे. त्यात कर्दळीचे मूळ वसतिस्थान सांगितले आहे.

तुम्ही पालिकेच्या पगारातून मला शिकवलेत. ते शिक्षण मी कशासाठी वापरले, हे तुम्हाला कळावे, एवढाच या पत्राचा हेतू. काठीविना चालण्याची घाई करू नका.

तुमची धाकटी बहीण,
लता

ता.क. : हेतू एवढाच नाही. एक विनंती आहे. चौतीस वर्षे तुम्ही वॉर्ड ऑफिसच्या पायरीवर, जेवणाच्या सुट्टीत, लोकांचे अर्ज लिहून दिलेत. तुमचा अर्ज वाचून साहेबाला काय हवे ते कळले नाही, असे एकदाही झाले नाही. माझ्या नावाने चार ओळी लिहाल का? सम्यकला फोनवरून पाठवायला सांगा, म्हणजे सभेपूर्वी मिळतील. मी त्यातला एक शब्दही बदलणार नाही. (विरामचिन्हे माझ्याकडे सोपवावीत.)

आणखी ता.क. : पाकीट चिकटवत असताना कृष्णाबाई आल्या. कर्तव्य म्हणून मी त्यांना हे पत्र पहिल्यापासून वाचून दाखवले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकले. मग म्हणाल्या, "सगळं तुमचंच लिवलंय की. मांजर मेली का जगली, ते कुठाय? तो मानूस तिकडे एका पायावर, पहिल्या पानावर जीव टांगलाय त्याचा, आणि तुम्ही टाळ्या सांगताय?"

मी पाने पुन्हा चाळली. खरोखरच कोठे नाही.

दादा, ठमी जिवंत आहे. बुधवारी घरी आली. तिसऱ्या दिवसाच्या तपासणीत मूत्रपिंडे ठीक निघाली. पुढच्या आठवड्यात आणखी एकदा रक्त तपासायचे, मग काळजी नाही, असे डॉक्टर म्हणाल्या. कृष्णाबाई तिच्यासाठीच उकडलेले बोंबील घेऊन आल्या होत्या, ते ती या क्षणी खात आहे. गुच्छ मी रविवारीच बाहेर टाकला, पिशवीला दोन गाठी मारून.

वरील विनंती रद्द समजावी. कृष्णाबाई म्हणाल्या, "दादांना कशाला त्रास? घ्या पेन. कर्दळ चांगली. बाईंच्या गुच्छातली लिली खाऊन मांजर आजारी पडली. बाईंना म्हाईत नव्हतं, तरी बोलल्या. लाद्या काढा." मी ते त्याच क्रमाने, स्वतःच्या नावाने लिहिले, सही केली आणि हितेशभाईंकडून किल्ली मागून काचेआड लावले. त्यांनी वाचून विचारले, "मॅडम, ही सही तुमचीच ना?" मी हो म्हणाले. मग त्याची नक्कल घेऊन मी दारोदार निघाले. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी दार उघडून तेच विचारले, नातीसमोर. मी हो म्हणाले. आमची दोन सोडून इमारतीत अठ्ठावीस घरे आहेत. अजून सव्वीस बाकी आहेत.